नॅनोसिल्व्हरची ट्यूब आणि पट्टी: आधी सलाइनची बाटली बाजूला ठेवा

सदाशिव पेठेतल्या औषधबाजारात जखमेसाठी ‘नॅनोसिल्व्हर द्या’, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं औषध द्या, म्हटलं की काउंटरवर तीनपैकी एक गोष्ट येते. पहिली जेलची ट्यूब, जिच्यावर नॅनोक्रिस्टलाइन किंवा कोलॉइडल सिल्व्हर असं छापलेलं असतं. दुसरी चपट्या निर्जंतुक पाकिटातली पट्टी. ॲक्टिकोट हे त्यातलं जुनं आणि ओळखीचं नाव. तिसरी म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचं जेल नाहीतर सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम, आणि सोबत ‘तेच आहे हो, चांदीच ती’ हे वाक्य. तेच नाही. हे परीक्षण पहिल्या दोन वस्तूंचं आहे. तिसरीचा उल्लेख तुलनेपुरता.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. १ टक्का सल्फाडायझिन क्रीमच्या १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १५० मिलिग्रॅम क्षार असतो आणि त्यातली निव्वळ चांदी साधारण ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ३,००० मायक्रोग्रॅम. ०.२ टक्के सिल्व्हर नायट्रेट जेलमध्ये हाच हिशेब १,२७० च्या आसपास येतो. नॅनो जेलवरचा आकडा या दोघांपुढे किरकोळ दिसतो आणि बहुतेकदा पीपीएममध्ये असतो. १ पीपीएम म्हणजे ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम. आकडा लहान म्हणून ट्यूब परत सरकवू नका. आकडाच नसेल आणि नुसतं ‘नॅनो टेक्नॉलॉजी’ एवढंच ठळक छापलं असेल, तर मात्र जरूर सरकवा.

कमी चांदीत काम होतं कारण काम वजनाचं नाही, पृष्ठभागाचं आहे. १ मायक्रॉनचा कण १० नॅनोमीटरच्या कणांत फोडला, तर तेवढ्याच वजनाला शंभरपट पृष्ठभाग मिळतो. जंतू मारतात ते या पृष्ठभागावरून सुटणारे चांदीचे आयन, आणि ते सुटायला ओल आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. आयन जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या जागा धरतात, आवरण सैल करतात, श्वसनाची एन्झाइम बंद पाडतात. प्रतिजैविकाचा नेम बहुधा एका ठिकाणी असतो. जंतूने ते ठिकाण बदललं की गोळी फुकट जाते. चांदीचा मार एकाच वेळी अनेक ठिकाणी बसतो. म्हणून कल्चर रिपोर्टवर (जखमेतला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते सांगणारा अहवाल) एकाखाली एक ‘आर’, म्हणजे ‘रेझिस्टंट’, लागलेला एमआरएसए (प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस), स्यूडोमोनास किंवा क्लेबसिएलासुद्धा जखमेच्या पृष्ठभागावर तिच्यापुढे बहुधा नमतो. पृष्ठभागावर, हा शब्द लक्षात ठेवा.

या प्रकारच्या जेलचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच आगरकर रस्त्यावरचा आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या गटाने २००९ मध्ये ७ ते २० नॅनोमीटर कणांच्या जेलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुऔषध-प्रतिरोधक जंतूंसकट वाढ रोखायला मिलिलीटरमागे ०.७८ ते ६.२५ मायक्रोग्रॅम चांदी पुरली, मारायला १२.५. जंतूंवरचा परिणाम बाजारातल्या सल्फाडायझिन क्रीमच्या तोडीचा होता, चांदी मात्र तिसाव्या हिश्श्याइतकीच होती. पुण्याला हा विषय त्याआधीही नवा नव्हता: पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करून घेण्याचं काम २००१ च्या सुमारास चालू होतं. आणि पिंपरीत १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं नाव तर बसथांब्यापर्यंत पोचलेलं आहे. पेनिसिलीनच्या त्या दिवसांत कुणी चांदीकडे वळून पाहिलं नसतं.

आघारकरच्या त्याच अभ्यासातले दोन आकडे ट्यूब वापरणाऱ्याने पाठ करावेत असे आहेत. ग्राम-निगेटिव्ह (स्यूडोमोनाससारखे) जंतू हजारपट घटायला ५ ते ९ तास लागले, ग्राम-पॉझिटिव्हना (स्टॅफिलोकोकससारख्यांना) १२. दुसरा आकडा असा: चांदीचा थोडा वेळ संपर्क देऊन ती काढून घेतल्यावर स्यूडोमोनास १०.५ तास दबून राहिला, स्टॅफिलोकोकस जेमतेम १.३ तास. परीक्षानळी म्हणजे जखम नव्हे हे मान्य, पण इशारा स्पष्ट आहे. हिरवट पू आणि गोडसर वास असलेली स्यूडोमोनासची जखम सकाळच्या एका थरावर निभावून जाईल. एमआरएसएच्या जखमेवर जेल सतत असायला हवं. सकाळी लावलं, दुपारी कोरड्या गॉजने ते शोषून घेतलं, तर उरलेला दिवस जंतूंना मोकळं रान.

ट्यूबची पहिली तक्रार इथेच येते. जेल पाण्याचं असतं, त्यावर थेट सुती गॉज ठेवला की दोन तासांत अर्धं जेल गॉजमध्ये जातं. मध्ये न चिकटणारी जाळी हवी. दुसरी तक्रार मापाची. ५ बाय ५ सेंटिमीटरच्या जखमेवर २ मिलिमीटरचा थर द्यायचा तर ५ मिलिलीटर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम जेल लागतं. १५ ग्रॅमची ट्यूब तीन ड्रेसिंगमध्ये संपते. १० बाय १० सेंटिमीटरला तर एका वेळेलाच २० ग्रॅम. हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही आणि घरी मग ट्यूब ‘पुरवून पुरवून’ लावली जाते, नखाएवढी. तेवढ्याने काही होत नाही. तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी जखम असेल तर ट्यूबचा नाद सोडा आणि पट्टी घ्या. एका पट्टीची किंमत डोळ्यांत भरते, पण तीन दिवसांनी भागली की ट्यूब, गॉज आणि रोजच्या ड्रेसिंगची मजुरी यांच्यापेक्षा फारशी महाग पडत नाही.

पट्टी म्हणजे दोन जाळ्यांमध्ये शोषक थर, आणि जाळ्यांवर चांदीचे नॅनोस्फटिक बसवलेले. साधा प्रकार ३ दिवसांचा, ‘७’ लिहिलेला ७ दिवसांचा. पाकिटावरचा आकडा नीट पाहून घ्या, कारण दोन्ही पाकिटं एकसारखी दिसतात आणि तीन दिवसांची पट्टी आठवडाभर तशीच राहिलेली आढळते.

आता मुख्य गोष्ट. पट्टी कोरडी लावायची नसते. ती भिजवायची असते, आणि भिजवायची ती सलाइनमध्ये नाही. सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं, मिठातला क्लोराइड सुटलेल्या चांदीला पकडतो आणि सिल्व्हर क्लोराइडचा न विरघळणारा साका करतो. ज्यासाठी पैसे मोजले ते आयन जखमेला पोचण्याआधीच बांधले जातात. हवं ते ‘स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन’, १० मिलिलीटरच्या अँप्युलमध्ये मिळणारं, किरकोळ किमतीचं. १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्टीला दोन अँप्युल पुरतात. काउंटरवर मात्र पट्टीबरोबर हमखास सलाइनची बाटली हातात पडते, कारण ड्रेसिंग म्हटलं की सलाइन हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं आहे. बाटली घ्यायला हरकत नाही, धुवायला ती उत्तमच. फक्त शेवटचा हात पाण्याचा.

क्रम असा ठेवा. जुनी पट्टी निघत नसेल तर स्टराइल पाण्याने ओली करून पाच-दहा मिनिटं थांबा, ओढू नका. जखम सलाइनने धुवा. पिवळा, चिकट, सुटत नसलेला थर आणि काळं कुजलेलं मांस डॉक्टरकडून काढून घ्या. या थराखाली जंतू आपल्याच चिकट कवचात बसलेले असतात आणि चांदी तिथे पोचेपर्यंत वाटेतल्या प्रथिनांनी ती गिळलेली असते. ‘सिल्व्हर लावलं तरी पू थांबेना’ या तक्रारीत बहुतेक वेळा थर न काढता वरून पट्टी बसवलेली असते. मग स्टराइल पाण्याने एक हात द्या. पट्टी पाकिटात नाही, निर्जंतुक ट्रेमध्ये भिजवा आणि निथळू द्या; थबथबलेली लावली तर कडेची चांगली कातडी पांढरी पडून फुगते. जखमेच्या आकाराची कापा, कातडीवर फार पसरू देऊ नका. पाकिटावर जी बाजू जखमेकडे सांगितली असेल ती खाली. वर शोषक पॅड आणि रोलर बँडेज. जखमेतून झिरपणारी लस कमी असेल तर पट्टी सुकते. अशा वेळी दिवसातून एकदा वरचं पॅड उचलून थोडं स्टराइल पाणी सोडा. सुकलेली पट्टी आयनही सोडत नाही आणि नव्या मांसाला चिकटून बसते. कापून उरलेला तुकडा ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून पाकिटात घडी घालून ठेवू नका. तो आता निर्जंतुक नाही.

खोल भोकाची जखम असेल तर ते पट्टीचं काम नाही, जेलचंही नाही. तिथे आत भरायची दोरीसारखी चांदीची ड्रेसिंग वेगळी मिळतात, ती डॉक्टरने भरायची असतात आणि किती तुकडे आत गेले हे कागदावर लिहायचं असतं.

सोबत काय लावलं जातं यावर निम्मा निकाल ठरतो. आयोडीनच्या द्रावणाने धुऊन लगेच चांदी लावली तर आयोडाइड आणि चांदी एकमेकांना बांधून टाकतात. आयोडीन वापरलंच तर पुरतं धुऊन काढा. व्हॅसलीन किंवा कुठलंही तेलकट मलम पट्टीखाली आलं की ओल पट्टीपर्यंत पोचतच नाही. कुजलेला थर विरघळवणारं कोलाजिनेजचं मलम चांदीसारख्या धातूंनी निकामी होतं, म्हणजे दोन्ही महागडी औषधं एकमेकांना मारतात. आणि घराघरांत पडून असलेलं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम: आघारकरच्या चाचण्यांत ते चांदीच्या विरोधात गेलेलं दिसलं, तर सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाशी मात्र चांगली जोडी जमली. ‘दोन्ही लावली तर डबल असर’ हे गणित इथे चालत नाही.

रंगाने घाबरू नका, पण फसूही नका. चांदीच्या पट्टीखाली जखमेवर करडा-तपकिरी थर येतो, कडेची कातडी काळसर डागाळते आणि पट्टीवर पडलेला ओघळ गढूळ दिसतो. तो पू नव्हे आणि गँगरीनही नव्हे. पाण्याने हलकं पुसलं की निघतो. खरं मेलेलं मांस पुसून निघत नाही, वास येतो आणि कड थंड लागते. ट्यूबमधल्या जेलचा स्वतःचा रंगही बघा. चांदीचे मोकळे नॅनोकण पिवळसर ते तपकिरी छटा देतात. तो रंग जाऊन करडी-काळी रवाळ घाण दिसू लागली, तर कण एकमेकांना चिकटून मोठे झाले आहेत आणि शंभरपट पृष्ठभागाचा हिशेब संपला आहे. ट्यूब फ्रीजरमध्ये ठेवल्याने हेच होतं. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या ट्यूबवरही भरवसा ठेवू नये. एरवी कपाटात, उजेडापासून दूर.

आता ज्या कामाला ही वस्तू नाही ते. ताप, थंडी, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, जांघेत आलेली गाठ, तपासणीची सळई आत घातली की हाडाला टेकते अशी जखम: यातल्या एकालाही जेल पुरत नाही. रक्तात किंवा हाडात उतरलेल्या जंतूपर्यंत कातडीवरची चांदी जात नाही. तिथे कल्चरप्रमाणे निवडलेलं शिरेतलं औषधच लागतं, आणि नॅनोसिल्व्हर सुरू आहे म्हणून ते लांबवणं हा या वस्तूचा सर्वांत महागडा दुरुपयोग. मधुमेही पायाबद्दल तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: जखम भरण्यासाठी किंवा संसर्गावर उपचार म्हणून चांदीची ड्रेसिंग वापरू नका, साखर, रक्तपुरवठा, पायावरचा दाब आणि मेलेलं मांस काढणं यांकडे बघा. ब्रिटनमध्ये पायाच्या शिरांच्या व्रणांवर २१३ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात १२ आठवड्यांनी चांदीच्या आणि साध्या न चिकटणाऱ्या ड्रेसिंगमध्ये फरक दिसला नाही. स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर चांदी म्हणजे पैसे वाया घालवणं आहे, आणि नव्या पेशींनाही ती काही मायाळू नाही.

म्हणून दोन आठवड्यांची मर्यादा पाळा. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमतातली ही मुदत आहे. १४ दिवसांनी जखम साफ होऊन लाल दाणेदार दिसत असेल तर चांदी थांबवून साध्या ड्रेसिंगवर या. सुधारत असूनही जंतूंची लक्षणं बाकी असतील तर पुढे चालू ठेवा. तसूभरही फरक नसेल तर नुसती पट्टी बदलत बसू नका, रोगाचं निदानच पुन्हा तपासून घ्या. दर आठवड्याला जखमेचा फोटो बाजूला मोजपट्टी ठेवून काढलात की वाद राहत नाही.

चांदीला प्रतिरोध येत नाही, असं जाहिरातीत म्हटलेलं असतं. येतो. १९७५ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता, आणि चांदी बाहेर फेकणाऱ्या त्याच्या ‘सिल’ जनुकांचा संच पुढे ओळखला गेला. ही जनुकं एंटेरोबॅक्टर आणि क्लेबसिएलातही आढळतात. ई-कोलायची युक्ती आणखी गमतीदार आहे: तो फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन सोडून नॅनोकणांचे गोळे करतो. अडचण अशी की नेहमीच्या कल्चर रिपोर्टमध्ये चांदीचा रकाना नसतोच, कारण तिच्यासाठी ठरवलेल्या ‘एस’ (औषध लागू) आणि ‘आर’च्या सीमारेषाच नाहीत. त्यामुळे नमुना चांदी लावण्याआधी घ्या. सलाइनने धुऊन, पू पुसून, स्वच्छ दिसणाऱ्या एक चौरस सेंटिमीटर जागेवर नमुन्याची कापूस लावलेली काडी दाबून पाच सेकंद फिरवायची. वरवरच्या पुवात बुडवलेली काडी पृष्ठभागावरच्या पाहुण्यांची यादी देते, खऱ्या गुन्हेगाराची नाही. चांदी लावलेल्या जखमेतून घेतलेला नमुना ‘वाढ नाही’ असा येऊ शकतो आणि आत संसर्ग तसाच असतो.

कुणाला देऊ नये: चांदीची ॲलर्जी असलेल्यांना. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी चांदी झिरपू देते, तिथे बालरोगतज्ज्ञाशिवाय हात लावू नका. शरीराच्या मोठ्या भागावर भाजलं असेल आणि पट्ट्या आठवडाभर चालू असतील तर यकृताच्या तपासण्या करा. ३० टक्के भाजलेल्या एका रुग्णात चेहरा निळसर-करडा होऊन यकृताची एन्झाइम वाढल्याची नोंद २००६ मध्ये झाली, पट्ट्या थांबवल्यावर ती उतरली. एमआरआयच्या आधी पट्टी काढा, रेडिएशन चालू असलेल्या भागावर लावू नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना मात्र सल्फाडायझिनऐवजी हा चांगला पर्याय आहे, आणि क्रीमच्या पांढऱ्या चिकट थराखाली जखम दिसेनाशी होते तो त्रासही इथे नाही.

ऑनलाइन मिळणारी ‘प्यायची चांदी’ याच नावाखाली विकली जाते. पोटात घ्यायच्या कोलॉइडल चांदीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिला. तिचा ठाऊक असलेला परिणाम म्हणजे कातडी कायमची निळसर होणं. शरीराच्या आत जाणारी खरी नॅनो-औषधं वेगळ्या जातीची, चरबीच्या सूक्ष्म कुपीत औषध भरलेली. फुप्फुसातल्या मायकोबॅक्टेरिया या हट्टी जंतूंसाठी लायपोसोममधलं, म्हणजे अशा कुपीतलं, अमिकासिन हे प्रतिजैविक अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते ५९० मिलिग्रॅम रोज नेब्युलायझरच्या फवाऱ्यातून श्वासावाटे घेतात. त्याचा या ट्यूबशी नावापलीकडे संबंध नाही.

खरेदीचं थोडक्यात. पट्टी पेठेतल्या सर्जिकल सामानाच्या दुकानात घ्या, सुटी मागा, आणि पाकिटाची शिवण, बॅच व मुदत तिथेच उजेडात पाहा. बिलाशिवाय घेऊ नका. गल्लीतल्या मेडिकलमध्ये ट्यूब सहज मिळते, पट्टी मागवावी लागते. ट्यूबला पाचपैकी तीन: लहान भाजणं, ओरखडे, टाके उसवलेली उथळ जखम यांना ठीक. पट्टीला चार, एक गुण कापला तो पाण्याची सूचना पाकिटावर मुंगीच्या अक्षरांत असल्याबद्दल.

वापरलेली पट्टी ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि मोरीत तर नाहीच. तिच्यात चांदी उरलेली असते आणि प्रतिरोधक जंतूही. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत गुंडाळा, बाहेरून लाल पेनाने मोठा ठिपका काढा आणि घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंच्या हातात वेगळी द्या. सॅनिटरी कचऱ्यासाठी पुण्यात हा ठिपका त्या ओळखतात, बोलावं लागत नाही.